गुठळीचा प्रवास (भाग ५) : उजव्या कप्प्याची साक्ष

पायाच्या शिरेतली गुठळी फुप्फुसाच्या धमनीत जाऊन कशी अडकते, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. समजा, सीटी स्कॅनमध्ये निदान पक्कं झालं आणि हेपॅरिन सुरू झालं. आता डॉक्टरांना ठरवायचं असतं ते हे, की पुढच्या काही तासांत हा रुग्ण कोसळेल का?

रक्तदाबावरून ते पुरतं कळत नाही. वरचा दाब ९०च्या खाली राहिला तर धोका उघडच आहे. पण शरीर नाडी वाढवून, रक्तवाहिन्या आवळून तो बराच वेळ ११०वर धरून ठेवू शकतं. तोवर आत हृदयाचा उजवा खालचा कप्पा थकत चाललेला असतो. त्याची भिंत पातळ, कारण फुप्फुसाकडे रक्त ढकलायला एरवी फारसा जोर लागत नाही. वाट अचानक अडली की तो फुगतो. हृदयाभोवतीचं आवरण झटकन ताणलं जात नाही, म्हणून मधला पडदा डावीकडे रेटला जातो. डाव्या कप्प्यात रक्त कमी भरतं आणि मग कुठे रक्तदाब घसरतो. म्हणजे रक्तदाब या साखळीच्या अगदी शेवटी आहे.

खाटेशी केलेला इको ही साखळी मधेच पकडतो. उजवा कप्पा एरवी डाव्याच्या सुमारे दोन तृतीयांश असतो. तो डाव्याएवढा किंवा मोठा दिसला की सावध व्हायचं. गोल दिसणारा डावा कप्पा चपटा होऊन इंग्रजी ‘डी’सारखा दिसतो. ट्रायकस्पिड झडपेचं कडं दर ठोक्याला १६ मिलिमीटरही सरकत नसेल, तर उजव्या कप्प्याचा जोर ओसरला आहे. १९९६ मध्ये मॅकॉनेल आणि सहकाऱ्यांनी आणखी एक खूण नोंदवली : उजव्या कप्प्याची बाहेरची भिंत जवळजवळ थिजलेली, टोक मात्र हलतं.

तरी नुसत्या चित्रावर विसंबू नये. इको नॉर्मल आला म्हणून गुठळी नाही, असं मुळीच नाही. उलट फुप्फुसाच्या जुन्या आजारातही उजवा कप्पा मोठा असतो. तिथे भिंतीची जाडी ५ मिलिमीटरच्या वर गेलेली असते, कारण वाढलेला दाब तिनं दीर्घकाळ सोसलेला असतो.

मग उजव्या कप्प्यावर ताण दिसला की गुठळी विरघळवणारं औषध लगेच द्यावं का? २०१४ च्या ‘पैथो’ चाचणीत रक्तदाब ठीक, पण इको किंवा सीटीत ताण आणि रक्तात ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याची खूण) वाढलेलं, असे सुमारे १००० रुग्ण होते. हे औषध दिल्यावर सात दिवसांत मृत्यू किंवा रक्ताभिसरण कोसळणं ५.६ टक्क्यांवरून २.६ वर आलं. पक्षाघात मात्र ०.२ वरून २.४ टक्क्यांवर गेला. ही किंमत मला फार वाटते. म्हणून अशा रुग्णाला हेपॅरिनवर ठेवून आयसीयूत हलवावं, नाडी-रक्तदाबावर सतत लक्ष ठेवावं आणि विरघळवणारं औषध हाताशी असावं. ते द्यायचं, दाब घसरू लागला तर.