निमोला झालंय तरी काय?

खाऱ्या पाण्यातला मासा मलूल दिसला, की आपला हात आधी औषधाच्या बाटलीकडे जातो. जरा थांबा! आधी पाणी तपासा, मग श्वास मोजा, मग ठिपके बघा. बाटलीचा नंबर सगळ्यात शेवटी.

२००३ मध्ये ‘फाइंडिंग निमो’ आला आणि केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाऊनफिश एकदम स्टार झाला. गप्पी आणि गोल्डफिशवर खूश असलेल्या पुणेकरांनाही मग हॉलमध्ये निळा उजेड आणि त्यात फिरणारा निमो हवासा वाटू लागला. अडचण एकच, पुण्याला समुद्र नाही. तो आपल्यालाच बादलीत बनवावा लागतो. १०० लिटर पाण्याला साधारण साडेतीन किलो मरीन सॉल्ट घालायचं. (स्वयंपाकघरातलं मीठ नव्हे, प्लीज!) म्हणूनच इथे मासा आजारी पडला, की आजार पुष्कळदा माशात नसतो, त्या बादलीत असतो.

आणि हा काही चार दिवसांचा पाहुणा नाही. नीट सांभाळलेला क्लाऊनफिश दहा वर्षांहून जास्त जगतो. पण निदान चुकलं, तर अख्खा टँक आठवड्याभरात रिकामा होऊ शकतो.

पहिला संशयित : पाणी

सगळे मासे एकाच वेळी सुस्त झालेत? मग रोगजंतूंना शोधण्याआधी टेस्ट किट काढा. अमोनिया आणि नायट्राइट शून्यच हवेत. पीएच ८.१ ते ८.४, क्षारतेचं माप म्हणजे स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०२५च्या आसपास आणि तापमान २५-२६ अंश. खाऱ्या पाण्याचा पीएच जास्त असतो आणि पीएच वाढला की अमोनिया जास्त विषारी होतो. गोड्या पाण्यात खपून जाणारा निष्काळजीपणा इथे खपत नाही. टँक नवा असेल तर संशय आणखी पक्का. घाण पचवणारे बॅक्टेरिया स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि आपल्याला तर पहिल्याच वीकएंडला निमो हवा असतो.

त्यात पुण्याचे खास प्रॉब्लेम आहेतच. नळाच्या पाण्यात क्लोरीन, टँकर किंवा बोअरच्या पाण्याचा काहीच भरवसा नाही, त्यामुळे आरओ पाण्याला पर्याय नाही. देखभालीसाठी गुरुवारी वीज गेली, की पंप बंद आणि पाण्यातला ऑक्सिजन कमी. तुम्ही तेव्हा हिंजवडीत मीटिंगमध्ये! संध्याकाळी घरी आल्यावर मासे पृष्ठभागाशी तोंड उघडून धापा टाकताना दिसले, तर तो रोग नाही, गुदमरणं आहे. बॅटरीवर चालणारा एअर पंप हे त्यावरचं सगळ्यात स्वस्त औषध.

एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं, पण मीठ टँकमध्येच राहतं आणि क्षारता चढत जाते. म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई साध्या आरओ पाण्याने करायची, खाऱ्या पाण्याने नाही. शिवाय पाणी जितकं गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी.

मग श्वास मोजा

पाणी ठीक आहे? आता घड्याळ घ्या आणि कल्ल्यांची उघडझाप मिनिटाला किती होते ते मोजा. मासा निरोगी असताना हा आकडा लिहून ठेवला असेल, तर अर्धं निदान तिथेच होतं. श्वास वाढलाय, पण अंगावर काहीच दिसत नाही, अशा वेळी कल्ल्यांवर परजीवी असण्याची दाट शक्यता असते. अनेक परजीवी आधी कल्ल्यांवरच हल्ला करतात, कातडीवर नंतर दिसतात.

ठिपक्या-ठिपक्यात फरक

मिठाच्या दाण्यांसारखे, मोजता येतील असे पांढरे ठिपके : हा मरीन इच, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन. याची चाल बेरकी आहे. तीन ते सात दिवसांत ठिपके गायब होतात आणि आपण ‘बरा झाला!’ म्हणून खूश होतो. खरं तर परजीवी मासा सोडून वाळूत उतरलेला असतो. तिथे कोष करून तो शेकडो पिल्लं सोडतो. दुसरी फेरी पहिलीपेक्षा भारी असते.

पिठीसारखी बारीक, सोनेरी झाक असलेली धूळ : हा व्हेल्वेट. मासा उजेड टाळतो, पंपाच्या झोतात तोंड घालून उभा राहतो, जोरजोरात श्वास घेतो. इथे ‘उद्या बघू’ चालत नाही. दोन-तीन दिवसांत खेळ खलास होऊ शकतो.

अंगावर चिकट, पांढुरका थर आणि सोलवटल्यासारखी कातडी : क्लाऊनफिशमध्ये हे दिसलं, तर ब्रुकलिनेलाचा संशय घ्या. हाही झपाट्याने मारतो आणि यावर तांब्याचं औषध चालत नाही.

परांवर फ्लॉवरच्या तुऱ्यासारख्या गाठी : दिसायला भयंकर, पण बहुधा लिम्फोसिस्टिस. हा विषाणू आहे, औषध नाही. पाणी आणि खाणं सुधारलं, की बऱ्याचदा गाठी आपोआप जातात. इथे काहीच न ओतणं हाच शहाणपणा.

तांबं द्या, पण दुसऱ्या टँकमध्ये

इच आणि व्हेल्वेटवर तांब्याचं औषध नावाजलेलं आहे. पण तेच औषध कोळंबी, गोगलगायी आणि ॲनिमोनीला विष ठरतं, आणि टँकमधले खडक ते शोषून घेतात. म्हणून उपचार मुख्य टँकमध्ये करायचाच नाही. एक साधा छोटा टँक, हीटर, फिल्टर आणि प्लॅस्टिक पाइपचा तुकडा, झालं माशांचं हॉस्पिटल. प्रत्येक ब्रँडचा डोस वेगळा असतो. पातळी कमी पडली तर परजीवी वाचतो, जास्त झाली तर मासा जातो. त्यामुळे कॉपर टेस्ट किट नसेल, तर तांबंही नको.

आणखी एक. गोड्या पाण्यातला इच आणि खाऱ्या पाण्यातला इच, नाव सारखं असलं तरी जीव वेगळे. दुकानदार ‘व्हाइट स्पॉटचंच औषध आहे’ म्हणाला, तरी लेबल वाचा.

सगळे मासे हॉस्पिटलमध्ये हलवल्यावर मुख्य टँक माशांविना चालू ठेवायचा. प्रयोगात इचचे काही कोष ७२ दिवसांनी फुटल्याचं आढळलं आहे. त्यामुळे जाणकार हौशी मंडळी ७६ दिवसांचा हिशोब धरतात. अडीच महिने निळा उजेड आणि रिकामं पाणी बघणं जिवावर येतं, मान्य. पण यात शॉर्टकट नाही.

डॉक्टर कुठे शोधायचा?

शहरातले बहुतेक प्राण्यांचे डॉक्टर कुत्र्या-मांजरांचे. माशांच्या आरोग्यावर शिक्षण आणि संशोधन चालतं ते मुंबईत वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत आणि रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात. तिथे शिकलेला एखादा मत्स्यतज्ज्ञ ओळखीत असेल, तर त्याचा नंबर आजच सेव्ह करा. फोन करण्याआधी एवढं हाताशी ठेवा :

- पाण्याच्या टेस्टचे आजचे आकडे
- श्वासाचा वेग, नेहमीचा आणि आत्ताचा
- शेवटचं कधी आणि काय खाल्लं
- गेल्या महिन्यात आणलेला नवा मासा, खडक किंवा कोळंबी
- आतापर्यंत ओतलेलं प्रत्येक औषध
- पांढऱ्या उजेडात काढलेला व्हिडिओ (निळ्या उजेडात ठिपके ओळखणं कठीण जातं)

यादीतला चौथा मुद्दा अधोरेखित करा. रोग बहुतेकदा नव्या पाहुण्याबरोबर येतो. म्हणून नवा मासा किमान चार आठवडे वेगळ्या टँकमध्येच. दुकानातही आधी त्याला खाताना बघा. ‘आत्ताच खाल्लंय’ असं उत्तर मिळालं, तर गोड हसा आणि दोन दिवसांनी परत जा.

आणि आज रात्री जेवण झाल्यावर टीव्ही पाच मिनिटं बंद ठेवून टँकसमोर बसा. मासा ठणठणीत आहे ना? मग मिनिटाला किती श्वास, ते मोजा आणि टँकच्या कोपऱ्यावर चिकटवून ठेवा.