महादुर्बिणीच्या उभारणीत उद्योगांना संधी किती?

पुणे-नाशिक महामार्गावरील नारायणगाव सोडून खोडदच्या दिशेने निघाले, की द्राक्षबागा आणि टोमॅटोच्या शेतांपलीकडे प्रचंड तबकड्या दिसू लागतात. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. महाकाय मीटर-तरंगलांबी रेडिओ दुर्बीण, म्हणजेच ‘जीएमआरटी’ची ही वसाहत. अशा ३० अँटेनांपैकी १४ खोडदच्या परिसरात एकवटलेल्या आहेत, तर उर्वरित १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकारात सुमारे २५ किलोमीटर परिसरात विखुरलेल्या आहेत. लांबून भरीव वाटणारी तबकडी जवळ गेल्यावर मात्र निराळीच दिसते. ती तारांची जाळी असते आणि तिच्यातून पलीकडचे आकाश दिसते.

जुन्नर तालुक्यातील या जाळीचा संबंध आज दक्षिण आफ्रिका व ऑस्ट्रेलिया या दोन देशांत उभ्या राहत असलेल्या ‘स्क्वेअर किलोमीटर अॅरे’ (एसकेए) या महादुर्बिणीशी जोडला गेला आहे. या प्रकल्पातील भारताच्या सहभागासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२३ मध्ये १,२५० कोटी रुपये मंजूर केले. अणुऊर्जा विभाग आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभाग हे दोघे मिळून हा भार उचलणार आहेत. रक्कम लहान नाही. त्यामुळे दूरच्या वाळवंटात उभ्या राहणाऱ्या दुर्बिणीतून येथील उद्योगांना काय मिळणार, हा प्रश्न विचारला जाणे स्वाभाविक आहे.

पोलाद नव्हे, प्रणाली

मोठी दुर्बीण म्हटली की पोलादी सांगाडे, गिअर आणि मोटारी डोळ्यांसमोर येतात. भोसरी-चाकणच्या कारखानदाराच्या मनात पहिला विचार येईल तो अशाच कामाचा. परंतु ‘एसकेए’च्या बाबतीत ही अपेक्षा फारशी फलद्रूप होण्याजोगी नाही. दक्षिण आफ्रिकेतील कारू प्रदेशात उभ्या राहणाऱ्या ‘एसकेए-मिड’मध्ये एकूण १९७ तबकड्या असतील. त्यांपैकी ६४ या ‘मीरकॅट’ या आधीच्याच दुर्बिणीच्या आहेत, तर १५ मीटर व्यासाच्या १३३ नव्या तबकड्यांच्या निर्मितीत चीनने आघाडी घेतली आहे. पाया, रस्ते, वीज, प्रकाशतंतूंच्या तारा ही कामे स्वाभाविकपणेच त्या त्या देशातील कंत्राटदारांकडे जातात. २०१८ मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘मीरकॅट’चे मूल्याच्या हिशेबाने सुमारे ७५ टक्के काम दक्षिण आफ्रिकेतच झाले होते, ही बाब त्या देशात आजही अभिमानाने सांगितली जाते.

भारताच्या, त्यातही पुण्याच्या वाट्याला आलेले काम निराळे आहे. ते दुर्बिणीच्या नियंत्रण प्रणालीचे आहे आणि ते समजून घेण्यासाठी रेडिओ दुर्बीण कशी चालते, हे थोडक्यात पाहावे लागेल.

रेडिओ लहरींची लांबी प्रकाशाच्या तुलनेत कितीतरी मोठी असते. त्यामुळे बारीक तपशील टिपायचा तर दुर्बिणीचा व्यास काही किलोमीटरचा हवा. एवढी एकसंध तबकडी बांधणे शक्य नसते. म्हणून अनेक लहान अँटेना दूरदूर उभारून प्रत्येक जोडीतील संकेतांची सांगड घालावी लागते. ‘जीएमआरटी’च्या ३० अँटेनांपासून अशा ४३५ जोड्या तयार होतात. ‘एसकेए-मिड’च्या १९७ तबकड्यांपासून १९ हजार ३०६. पश्चिम ऑस्ट्रेलियातील मर्चिसन भागात उभ्या राहणाऱ्या ‘एसकेए-लो’ची तर गोष्टच वेगळी. नाताळच्या झाडासारख्या दिसणाऱ्या, दोन मीटर उंचीच्या १ लाख ३१ हजार ७२ अँटेना तेथे ५१२ गटांत बसविल्या जातील आणि त्यांच्या जोड्यांची संख्या १ लाख ३० हजार ८१६ इतकी होईल.

या साऱ्यांना एकाच क्षणी एकाच दिशेला पाहावयास लावणे, प्रत्येकीच्या संकेताला लागणारा विलंब मोजणे, वारा वाढताच तबकड्यांना सुरक्षित स्थितीत आणणे, कोठे काय बिघडले याची नोंद ठेवणे आणि हे सर्व हजारो किलोमीटरवरील शास्त्रज्ञाला एका पडद्यावर दाखविणे, हे नियंत्रण प्रणालीचे काम. दुर्बिणीची मज्जासंस्थाच म्हणा ना! तिच्या आराखड्यासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय गटाचे नेतृत्व टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राकडे (एनसीआरए) होते. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचा संशोधन विभाग आणि पर्सिस्टंट सिस्टिम्स या कंपन्या त्यात सहभागी होत्या. २०१८ मध्ये हा आराखडा अंतिम परीक्षणातून पार पडला. याखेरीज ‘एसकेए-लो’साठी लागणाऱ्या डिजिटल संकेत-प्रक्रियेच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेतही भारताचा वाटा आहे.

खोडदची शिदोरी

हे काम पुण्याकडेच का आले, याचे उत्तर खोडदच्या जाळीत आहे. १९८० च्या दशकात प्रा. गोविंद स्वरूप यांनी ‘जीएमआरटी’ची कल्पना मांडली, तेव्हा ४५ मीटर व्यासाच्या भरीव तबकड्या आयात करण्याइतका पैसा देशाकडे नव्हता. ज्या लहरी पाहावयाच्या त्या २१ सेंटीमीटर किंवा त्याहून लांब. अशा लहरींना एक-दोन सेंटीमीटरची छिद्रे जाणवतच नाहीत. वारा मात्र त्या छिद्रांतून निघून जातो. वाऱ्याचा दाब कमी झाला की सांगाडा हलका होतो, मोटारी लहान लागतात आणि खर्च खाली येतो. म्हणून पोलादी दोरांच्या चौकटीवर जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस स्टील तारांची जाळी ताणून बसविण्यात आली. साध्या पोलादी बांधकामाचा अनुभव असलेल्या देशी कारखान्यांना झेपेल असे हे तंत्र होते. तबकड्या फिरविणाऱ्या यंत्रणेसाठी भाभा अणुसंशोधन केंद्राने साहाय्य केले.

पुढे या दुर्बिणीचे आधुनिकीकरण हाती घेण्यात आले आणि २०१९ पर्यंत ते पूर्णत्वास गेले. एका वेळी ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा पाहणारी दुर्बीण आता ४०० मेगाहर्ट्झपर्यंत पाहू शकते. एक चालती दुर्बीण तीन दशके सांभाळताना जे शहाणपण हाती येते, ते कोणत्याही निविदेत विकत मिळत नाही. ‘एसकेए’च्या कामात पुण्याच्या हाती असलेले भांडवल तेच आहे.

तरीही या संधीबद्दल अवाजवी कल्पना बाळगण्याचे कारण नाही. ‘एसकेए’ची आज्ञावली मुक्त स्रोत पद्धतीची आहे. ती लिहिणाऱ्या कंपनीला ती आपले उत्पादन म्हणून विकता येत नाही. दर तीन महिन्यांनी निरनिराळ्या देशांतील गट एकत्र बसून पुढील कामाचे नियोजन करतात आणि त्याच शिस्तीत काम पुरे करावे लागते. मिळकत मनुष्यतासांची. नफा असेल तो अनुभवाचा. हजारो उपकरणे एकाच वेळी हाकणारी प्रणाली रेल्वे, वीजजाळे, अवकाश संशोधन अशा कितीतरी ठिकाणी लागते. तेथपर्यंत हा अनुभव नेणाऱ्यालाच खरा फायदा. सदस्य देशाच्या योगदानाच्या प्रमाणात तेथील उद्योगांना काम मिळावे, हे प्रकल्पाचे तत्त्व असले, तरी ते काम पेलणारी कंपनी नसेल, तर तत्त्वाचा उपयोग काय?

लहान उद्योगांसाठी वाट अधिक अरुंद, पण बंद नाही. दुर्बिणीच्या आसपास वापरले जाणारे प्रत्येक यंत्र रेडिओ लहरी बाहेर फेकणार नाही, अशा रीतीने झाकावे लागते. साधा विद्युत पुरवठा संच किंवा एलईडी दिवाही याला अपवाद नाही. असे कवच घडविणे आणि ते तपासून प्रमाणित करणे, ही कौशल्ये संरक्षण व वैद्यकीय उपकरणांच्या क्षेत्रातही मागणी असलेली आहेत.

शांततेची किंमत

आणि येथेच एक विसंगती समोर येते. रेडिओ दुर्बिणीला उद्योग हवेत, पण शेजारी नकोत. मोटारी, वेल्डिंग, मोबाइल मनोरे या साऱ्यांचा गोंगाट ताऱ्यांकडून येणाऱ्या क्षीण संकेतांना बुडवून टाकतो. दक्षिण आफ्रिकेने यासाठी २००७ मध्ये स्वतंत्र कायदाच केला. तेथील कारू प्रदेश मुळातच विरळ वस्तीचा. जुन्नरचे तसे नाही. येथे दाट वस्ती, बागायती शेती आणि नोकरीच्या शोधात असलेली तरुण पिढी आहे. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा नारायणगावमार्गे आखलेला मार्ग ‘जीएमआरटी’ला बाधा येईल या कारणास्तव रेल्वे मंत्रालयाने बाजूला ठेवला आणि शिर्डीमार्गे पर्याय पुढे आणला, तेव्हा या भागात उमटलेली नाराजी समजण्यासारखी होती. ज्या तालुक्याने दुर्बिणीला जागा दिली, त्यालाच तिच्यापायी रेल्वे गमवावी लागावी, ही भावना निव्वळ अडाणीपणाची म्हणून झटकून टाकता येणार नाही.

ऑस्ट्रेलियात ‘एसकेए-लो’ची जागा वजारी यमाजी या आदिवासी समाजाची आहे. त्या समाजाशी २०२२ मध्ये जमीनवापराचा रीतसर करार झाला आणि अँटेना जोडणाऱ्या तंत्रज्ञांमध्ये त्याच समाजातील तरुणांना घेण्यात आले. मार्च २०२५ मध्ये ‘एसकेए-लो’ने टिपलेले पहिले चित्र प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे ८५ दीर्घिका होत्या आणि ते टिपण्यासाठी नियोजित अँटेनांपैकी अवघ्या १,०२४ वापरल्या होत्या. त्या उभारणाऱ्यांत जमिनीचे मूळ मालकही होते.

पूर्ण क्षमतेने चालू लागल्यावर ‘एसकेए’मधून वर्षाला सुमारे ७०० पेटाबाइट माहिती बाहेर पडेल. ती साठवून शास्त्रज्ञांना पुरविण्यासाठी सदस्य देशांत प्रादेशिक केंद्रे उभारण्याची योजना असून भारतही त्यात आहे. संगणक, शीतकरण, साठवण, देखभाल असे बरेच काम त्यातून निर्माण होईल. मात्र हजारो संगणकांचे केंद्र म्हणजे रेडिओ गोंगाटाचे मोठेच उगमस्थान. ते शहरात होईल. खोडदच्या जवळपास ते उभारता येणार नाही.