कोरफडीची सड: बाटली नको, सुरी हवी

पावसाळ्यात गॅलरीतली कोरफड बुडाशी पाणचट होते, दाबली की पचकते, कुजका वास येतो. हा वास बहुधा जिवाणूंच्या सडीचा. हे जिवाणू म्हणजे पेक्टोबॅक्टेरियम आणि डिकेया. ते जखमेतून शिरतात आणि संख्या पुरेशी वाढली की पेशींना जोडणारं पेक्टिन विरघळवणारी विकरं भराभर सोडतात. म्हणून बाविस्टीन घालणं व्यर्थ. ते बुरशीनाशक आहे. प्रतिजैविकानंही गळलेला गर पुन्हा घट्ट होत नाही, उलट औषधाला न जुमानणारे जिवाणू फोफावण्याचा धोका. त्यापेक्षा घट्ट, निरोगी भाग लागेपर्यंत कापा, दर कापानंतर पातं स्पिरिटनं पुसा. कापल्यानं नवी जखम होते, हा आक्षेप खरा. पण जिवाणूंना ओल लागते. तेव्हा जुलैच्या दमट हवेत काप पंख्याखाली पूर्ण सुकवा, मगच रोप निचऱ्याच्या नव्या मातीत लावा. गाभाच मऊ झाला असेल, तर मातीसकट टाकून द्या.