लंडनच्या उपनगरात घर घेताय? पुण्यातला फ्लॅट तिथंही मोजला जातो!

लंडनच्या वायव्येला हॅरो नावाचं उपनगर आहे. पंडित नेहरू शिकले ते हॅरो स्कूल इथलंच. भारतीय वस्ती मोठी, त्यामुळे कोथिंबीर-कढीपत्त्यासाठी वणवण नाही. १९३२ साली स्थापन झालेलं महाराष्ट्र मंडळ लंडनही डॉलिस हिलला, म्हणजे इथून फार लांब नाही. नोकरीसाठी लंडनला गेलेली मराठी जोडपी चार-पाच वर्षं भाड्यानं राहिली की घर बघायला अशाच उपनगरांत फिरतात.

घर आवडतं, बँक कर्ज द्यायला तयार असते. पण इंग्लंडमध्ये घर घेण्याचे नियम आपल्यापेक्षा बरेच वेगळे आहेत आणि ते उशिरा कळले तर हजारो पाउंडांचा फटका बसतो.

पुण्यातल्या फ्लॅटचा इथे काय संबंध?

आपल्याकडे मुद्रांक शुल्क असतं, तसा इंग्लंडमध्ये ‘स्टँप ड्युटी लँड टॅक्स’ असतो. एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनुसार पहिल्या १ लाख २५ हजार पाउंडांवर कर नाही. त्यापुढे अडीच लाखांपर्यंतच्या रकमेवर २ टक्के आणि त्यापुढे ९ लाख २५ हजारांपर्यंतच्या रकमेवर ५ टक्के.

आयुष्यात पहिल्यांदाच घर घेणाऱ्याला सवलत मिळते. घराची किंमत ५ लाखांपर्यंत असेल, तर पहिल्या ३ लाखांवर कर लागत नाही.

पण ‘पहिलं घर’ म्हणजे इंग्लंडमधलं पहिलं नव्हे, तर जगातलं पहिलं. पुण्यात, नाशकात कुठेही कधी घर नावावर असेल, अगदी वारसानं आलेलं असेल, तरी ही सवलत जाते.

शिवाय ते घर अजून नावावर असेल, तर नवं घर ‘जादाचं घर’ ठरतं आणि पूर्ण किमतीवर आणखी ५ टक्के कर लागतो. वडिलांनी सोय म्हणून मुलाचं नाव सहमालक म्हणून घातलेलं असलं, तरी त्याच्या हिश्श्याची किंमत ४० हजार पाउंड किंवा जास्त असेल तर ते साधारणपणे मोजलं जातं. नवरा-बायको एकत्र राहत असतील, तर एकाच्या नावावरचं घर दोघांचं धरतात.

५ लाख पाउंडांच्या घराचा हिशेब बघा. खरोखर पहिलं घर असेल तर कर १० हजार पाउंड. सवलत गेली तर १५ हजार. जादाचं घर ठरलं तर थेट ४० हजार!

स्वतःचं राहतं घर विकून त्याच्या बदल्यात नवं घेतलं, तर हे जादा ५ टक्के सहसा लागत नाहीत. खरेदीआधीच्या वर्षात ब्रिटनमध्ये १८३ दिवस मुक्काम झाला नसेल, तर मात्र परदेशस्थ म्हणून आणखी २ टक्के द्यावे लागतात. म्हणून घर शोधण्याआधीच भारतातल्या मालमत्तेची माहिती सॉलिसिटरला देणं शहाणपणाचं.

ऑफर मान्य झाली म्हणजे घर मिळालं का?

नाही. मालकानं ऑफर स्वीकारली तरी ‘एक्स्चेंज ऑफ कॉन्ट्रॅक्ट्स’ होईपर्यंत कुणीच बांधील नसतं. मधल्या काही आठवड्यांत दुसऱ्यानं जास्त किंमत दिली, तर मालक सरळ फिरू शकतो. याला तिथं ‘गझम्पिंग’ म्हणतात. तोपर्यंत सर्व्हे आणि वकिलावर झालेला खर्च बुडतो.

एक्स्चेंजला साधारण १० टक्के रक्कम भरतात. त्यानंतर तुम्ही माघार घेतली, तर ती जाऊ शकते. म्हणजे सगळ्या शंका त्याआधीच फेडून घ्यायच्या. आणि घर दाखवणारा इस्टेट एजंट विकणाऱ्याचा माणूस असतो, तुमचा नाही.

घर तुमचं, पण जमीन कुणाची?

हॅरोमधली बहुतेक स्वतंत्र घरं ‘फ्रीहोल्ड’ असतात. घर आणि जमीन दोन्ही तुमची. फ्लॅट मात्र बहुतेक ‘लीजहोल्ड’, म्हणजे ठराविक वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. आपल्याकडे फ्लॅटधारक सोसायटीचा सभासद असतो. तिथं इमारतीचा मालक एखादी कंपनीही असू शकते. दरवर्षीचा ‘सर्व्हिस चार्ज’ सहसा तोच ठरवतो.

भाडेपट्ट्याची किती वर्षं उरली, हे आधी विचारा. ८० वर्षांच्या खाली गेलं की मुदत वाढवणं महाग पडत आलं आहे आणि कर्ज मिळायलाही अडचण येऊ शकते.

१९३०च्या घरात काय तपासायचं?

मेट्रोपॉलिटन रेल्वे हॅरोला १८८० मध्ये पोहोचली. पुढे रेल्वेनंच ‘मेट्रो-लँड’ अशी जाहिरात करून रुळांलगत वसाहती उभ्या केल्या. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली ती ‘सेमी-डिटॅच्ड’ घरं, म्हणजे एक भिंत सामाईक असलेली जोडघरं, आजही इथं रांगेनं दिसतात.

या भागात चिकणमाती भरपूर. उन्हाळ्यात ती आकसते, पावसाळी दिवसांत फुगते. जवळ मोठं झाड असेल तर पाया खचण्याचा धोका वाढतो. बँकेचं मूल्यांकन बँकेसाठी असतं. जुन्या घरासाठी तुमचा स्वतःचा सविस्तर सर्व्हे हवाच.

‘मागे एक खोली वाढवू’ असा बेत असेल, तर जोडघराला साधारण ३ मीटरपर्यंतचं एकमजली बांधकाम वेगळ्या परवानगीशिवाय चालतं. पण संरक्षित परिसरात नियम कडक असतात. सामाईक भिंतीला हात लावायचा, तर १९९६ च्या ‘पार्टी वॉल’ कायद्याप्रमाणे शेजाऱ्याला आधी नोटीस द्यावी लागते.

गल्लीचेही नियम असतात

*शाळा:* सरकारी शाळेत जागेपेक्षा अर्ज जास्त आले की बऱ्याचदा घरापासूनचं अंतर बघतात. ही हद्द दरवर्षी बदलते. मागच्या वर्षी शेवटचा प्रवेश किती अंतरावरच्या मुलाला मिळाला, हे कौन्सिलकडे कळतं.

*कौन्सिल टॅक्स:* घराची पट्टी ‘ए’ ते ‘एच’ गटांवर ठरते आणि हे गट आजही १ एप्रिल १९९१ च्या किमतींवर आहेत. शेजारच्या उपनगरात त्याच गटाची पट्टी वेगळी असू शकते.

*गाडी:* स्टेशनजवळच्या रस्त्यांवर घरासमोर गाडी लावायलाही अनेक ठिकाणी परवाना लागतो. फुटपाथ ओलांडून अंगणात गाडी न्यायची, तर कौन्सिलकडून कड उतरती करून घ्यावी लागते.

*प्रवास:* हॅरो-ऑन-द-हिल स्टेशन पाचव्या झोनमध्ये आहे. लंडनच्या मध्याकडे जायचं तिकीट झोनप्रमाणे वाढतं. घराचा हप्ता काढताना पासही त्यात धरा.

थोडक्यात, घर बघायला रविवारी एकदा जाऊन भागत नाही. सोमवारी सकाळी आठला त्याच रस्त्यानं स्टेशनपर्यंत चालत जा, रात्री पार्किंग बघा, शेजाऱ्याशी दोन शब्द बोला. आणि एक्स्चेंजवर सही करण्याआधी सॉलिसिटरला एक प्रश्न नक्की विचारा, “आमचं भारतात घर आहे, मग कर नक्की किती?”