विहारकाळ आणि गाडीचा हॉर्न

दिवाळीच्या सुमारास चातुर्मासाची सांगता होते आणि साधू-साध्वींचे विहार पुन्हा सुरू होतात. ईर्यासमितीचे पालन करीत, पुढची चार हात जमीन न्याहाळत चालणाऱ्या त्यागीजनांच्या अगदी जवळून आज भरधाव ट्रक जात असतात. अशा रस्त्यावर मागून सावकाश येणारी श्रावकांची मोटार हाच संघाचा आधार. निघण्यापूर्वी तिचे तेल, पाणी, टायर पाहिले जातात. हॉर्न मात्र ऐनवेळी न वाजल्यावरच आठवतो.

पावसाळा हॉर्नला जड जातो. बहुतेक मोटारींत तो पुढील जाळीमागे, म्हणजे चिखलपाण्याच्या वाटेतच असतो. त्याच्या पोटातील विद्युतचुंबकामुळे पातळ धातूचा पडदा कंप पावतो आणि आवाज उमटतो. पाणी शिरून गंज चढला की तो घोगरा होतो. अनेक गाड्यांत एक खर्जाचा व एक उंच स्वराचा, असे दोन हॉर्न असतात. एक बंद पडला तरी दुसरा वाजत राहतो आणि बिघाड महिनोन्‌महिने झाकला जातो. म्हणून एकेकाची वायर काढून दोन्ही स्वतंत्रपणे ऐकावेत. इंजिन बंद असताना आवाज क्षीण व सुरू होताच खणखणीत येत असेल, तर बॅटरी तपासावी. फ्यूज पुनःपुन्हा उडत असेल तर जास्त क्षमतेचा फ्यूज घालू नये. त्याने वायर पेटू शकते. स्टिअरिंग वळविताना हॉर्न मध्येच गप्प होत असेल तर दोष बहुधा स्टिअरिंगमधील जोडणीत असतो. तेथेच एअरबॅगही असते, तेव्हा ते काम घरी उघडू नये.

नवा हॉर्न घ्यायचा तर गाडीला साजेशी, 12 व्होल्टची खर्ज-उंच स्वरांची जोडी पुरेशी आहे. ती मूळ हॉर्नपेक्षा अधिक वीज घेणारी असल्यास रिले बसवून घ्यावा. नाहीतर बटणाच्या जोडणीवर ताण येतो. तोंड खालच्या बाजूला राहील असे बसविल्यास पाणी साचत नाही. हौशी मंडळींचे मन मात्र दुकानातल्या कर्कश हॉर्नवर जडते! केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 119 नुसार बहुसुरी व कर्णकर्कश हॉर्न खासगी गाडीला लावता येत नाहीत. शिवाय 2019 च्या दुरुस्तीनंतर विनाकारण हॉर्न वाजविल्यास पहिल्या वेळी 1,000 रुपये दंड आहे.

विहारात तर असा हॉर्न धोक्याचाच. पाठीमागून अचानक कर्कश आवाज आला की माणूस दचकतो, वळून पाहतो आणि त्या भरात एखादे पाऊल रस्त्याकडे टाकतो. मागच्या ट्रकला सावध करण्याचे काम हॉर्नपेक्षा चारही लुकलुकते दिवेच चांगले करतात. हॉर्न उपयोगी पडतो तो फाट्यावरून एकदम पुढे येणाऱ्या दुचाकीस्वारासाठी आणि पुढे चालणाऱ्या श्रावकांना खूण देण्यासाठी. ही खूण सकाळी निघतानाच ठरवून घ्यावी: पुरेशा अंतरावरून दोन आखूड आवाज आले, की सर्वांनी एका रांगेत कडेला सरकावे.