सोन्याची खाण आणि उड्डाणपुलावरचे दगड

कन्नड चित्रपटसृष्टीला 'गांधीनगर' हे टोपणनाव बंगळुरूतील ज्या पेठेवरून पडले, त्या पेठेत निर्माते आणि वितरक यांच्या कचेऱ्या दाटीवाटीने वसल्या आणि लगतच्या केंपेगौडा रस्त्यावर चित्रपटगृहांची रांग उभी राहिली. शहराच्या मुख्य बसस्थानकाचा परिसर आजही 'मॅजेस्टिक' म्हणून ओळखला जातो, तोही त्याच नावाच्या एका चित्रपटगृहामुळे. (बंगळुरूच्या महाराष्ट्र मंडळाची वास्तूही गांधीनगरातच आहे, त्यामुळे मराठी नाटकाला निघालेल्या येथील मराठी माणसाला कन्नड सिनेमाची पोस्टरे चुकवता येत नाहीत.) गेल्या दहा-बारा वर्षांत या पेठेने दोन अगदी निराळ्या जातींचे चित्रपट देशासमोर ठेवले. एक जात तिकीटबारीवर विक्रम करणाऱ्या भव्य चित्रपटांची, दुसरी रहस्य आणि उत्कंठा यांवर उभ्या राहिलेल्या, बहुधा बेताच्या खर्चाच्या चित्रपटांची. पहिल्या जातीचा चित्रपट बंगळुरू सोडून खाणीत, जंगलात, दंतकथेत जातो, तर दुसऱ्या जातीतल्या उत्तम चित्रपटांना कथा सापडते ती शहराच्या रस्त्यांवर. आणि कौतुकाचा मोठा वाटा पहिल्यांच्या पदरी पडला असला, तरी कसब दुसऱ्यांत अधिक दिसते.

'ब्लॉकबस्टर' हा शब्द मुळात युद्धातला आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने वापरलेल्या, इमारतींचा अख्खा गट जमीनदोस्त करू शकणाऱ्या प्रचंड बॉम्बला हे नाव मिळाले आणि अमेरिकी चित्रपट व्यवसायाने ते जाहिरातींसाठी उचलले. आज ज्या अर्थाने तो वापरला जातो, म्हणजे एकाच दिवशी शेकडो पडद्यांवर लागून पहिल्याच आठवड्यात खर्च वसूल करणारा चित्रपट, त्या अर्थाची सुरुवात 20 जून 1975 रोजी अमेरिकेत चारशेहून अधिक चित्रपटगृहांत एकदम झळकलेल्या स्टीव्हन स्पिलबर्गच्या 'जॉज'पासून मानली जाते. गंमत अशी की हा चित्रपट उत्कंठेवरच चालला: खाऱ्या पाण्यात यांत्रिक शार्क वारंवार बंद पडू लागला, म्हणून दिग्दर्शकाला तो फारसा दाखवता आला नाही, आणि न दिसणाऱ्या माशाने प्रेक्षकांना दिसणाऱ्या माशापेक्षा जास्त घाबरवले. थोडक्यात, या दोन जातींचे मूळ वैर नाही. ते पुढे निर्माण झाले.

येथे आणखी एक फरक स्पष्ट केला पाहिजे, कारण मराठीत 'रहस्यपट' आणि 'सस्पेन्स' हे शब्द सर्रास एकमेकांऐवजी वापरले जातात. रहस्यपटात प्रेक्षकापासून काहीतरी दडवलेले असते आणि ते शेवटी उघड होते. सस्पेन्समध्ये उलट पात्रांपेक्षा प्रेक्षकाला जास्त ठाऊक असते. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोशी झालेल्या प्रसिद्ध संवादात आल्फ्रेड हिचकॉकने हे टेबलाखालच्या बॉम्बच्या उदाहरणाने समजावले होते: बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षकाला काही सेकंदांचा धक्का बसतो, पण बॉम्ब आहे हे त्याला आधीच कळले आणि पात्रे मात्र निवांत गप्पा मारत राहिली, तर त्याच साध्या गप्पा पंधरा मिनिटे श्वास रोखून ऐकल्या जातात. मराठी प्रेक्षकाला यांतला पहिला प्रकार अधिक परिचित आहे. राजा परांजपे यांचा 'पाठलाग' (1964), ज्यावरून हिंदीत 'मेरा साया' निघाला, आणि 1976 चा 'हा खेळ सावल्यांचा' हे दोन्ही चित्रपट प्रेक्षकाला चकव्यात ठेवून अखेरीस सत्य समोर आणतात.

गांधीनगरचे भाग्य पालटले ते 'केजीएफ'मुळे. प्रशांत नील यांनी दिग्दर्शित केलेला पहिला भाग 21 डिसेंबर 2018 रोजी आणि दुसरा 14 एप्रिल 2022 रोजी प्रदर्शित झाला. व्यवसायातील अंदाजांनुसार दुसऱ्या भागाची जगभरातील कमाई बाराशे कोटी रुपयांच्या आसपास गेली आणि एकट्या हिंदी आवृत्तीने पहिल्या दिवशी सुमारे 54 कोटी मिळवले. या यशामागे एक उपरोध दडलेला आहे. 1960 च्या दशकात अभिनेते डॉ. राजकुमार आणि कादंबरीकार अ. न. कृष्णराव यांच्यासारख्या मंडळींनी परभाषी चित्रपट कन्नडमध्ये डब करण्याला विरोध उभारला, डबिंगमुळे स्थानिक कलावंत उपाशी मरतील ही त्यामागची भीती होती, आणि हा अलिखित निर्बंध कित्येक दशके टिकला. 2015 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने त्याविरुद्ध निर्णय दिला, आणि त्यानंतर तीनच वर्षांनी कन्नड चित्रपट हिंदी, तेलुगू, तमिळ आणि मल्याळममध्ये डब होऊन देश जिंकायला निघाला. ज्या दाराला कडी लावली होती, त्याच दारातून लक्ष्मी आली.

'केजीएफ' म्हणजे कोलार गोल्ड फील्ड्स; ही खरी सोन्याची खाण बंगळुरूपासून साधारण 100 किलोमीटरवर आहे. ब्रिटिश कंपनीने 1880 च्या दशकात ती चालवायला घेतली, तिची खोली पुढे तीन किलोमीटरच्या पलीकडे गेली, आणि 1902 मध्ये शिवनसमुद्र येथील जलविद्युत केंद्राची वीज आधी या खाणीला मिळाली. बंगळुरूच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागायला 1905 उजाडले. 28 फेब्रुवारी 2001 रोजी खाण बंद झाली. चित्रपटाने या इतिहासातले नाव तेवढे घेतले, सायनाइडच्या राखाडी टेकड्यांवर चित्रीकरण केले, आणि खाणीचा शोध नायकाच्या जन्मवर्षी, 1951 मध्ये लागल्याचे ठरवून टाकले. पिढ्यान्‌पिढ्या त्या अंधारात उतरलेल्या, बहुतांश तमिळभाषक दलित कामगारांच्या वसाहतींचा मागमूस पडद्यावर नाही. तेथे आहेत ते चेहरा नसलेले गुलाम, ज्यांचे एकमेव काम नायकाकडे डोळे लावून बसणे हे आहे.

तरीही 'केजीएफ'च्या रचनेत एक हुशारी आहे, जिची दखल त्याच्या टीकाकारांनी पुरेशी घेतलेली नाही. ही कथा घडताना दिसत नाही, ती सांगितली जाते. सरकारने बंदी घातलेल्या पुस्तकाचा लेखक, पत्रकार आनंद इंगळगी, ती दूरचित्रवाणीच्या प्रतिनिधीला सांगतो, म्हणून अतिशयोक्ती ही दिग्दर्शकाची न राहता निवेदकाची होते, जशी ती पोवाड्यात शाहिराची असते, आणि पोवाड्यातील नायकाचे पुढे काय झाले हे ठाऊक असूनही श्रोता उठून जात नाही. अडचण वेगळीच आहे. अभिनेता यशने साकारलेल्या नायक रॉकीला कोणीही खरोखर इजा करू शकत नाही हे पहिल्या अर्ध्या तासात कळते, आणि त्यानंतर टेबलाखाली कितीही बॉम्ब ठेवले तरी काळजी कुणाची करायची हा प्रश्न उरतो. अजिंक्य नायकाचा हा साचा दक्षिणेत जुना असून तो ज्याने पराकोटीला नेला, तो नटही बंगळुरूच्या मराठी घरातच जन्मला: शहराच्या बसमध्ये तिकिटे फाडणारे शिवाजीराव गायकवाड 1975 मध्ये तमिळ पडद्यावर रजनीकांत म्हणून आले. रजनीकांतच्या उत्तम चित्रपटांत नायक स्वतःच्या अजिंक्यतेची थट्टा करतो, ती फट 'केजीएफ'ने कुठे ठेवलेली नाही. दुसऱ्या भागात तर आवाज आणि धूर यांच्याखाली कथाच गुदमरते.

'कांतारा'चे प्रकरण निराळे आहे. सुमारे 16 कोटी रुपयांत तयार झालेला हा चित्रपट 30 सप्टेंबर 2022 रोजी केवळ कन्नडमध्ये लागला, तोंडी प्रसिद्धी वाढल्यावर दोन आठवड्यांनी हिंदी आणि तेलुगूत आला, आणि व्यवसायाच्या अंदाजाने त्याने चारशे कोटींच्या घरात कमाई केली. लेखक, दिग्दर्शक आणि नायक या तिन्ही भूमिका करणाऱ्या ऋषभ शेट्टी यांना त्यासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपटाचा कणा आहे भूतकोला, म्हणजे कर्नाटकाच्या किनारपट्टीलगतच्या तुळुनाडूत पंजुर्ली आणि गुळिगा यांसारख्या दैवतांचा संचार अंगी घेऊन रात्रभर चालणारे नृत्य-अनुष्ठान. तळकोकणातील राखणदार आणि अंगात येणारा अवसर ज्यांनी पाहिला आहे, त्या मराठी प्रेक्षकाला यात परके काही वाटणार नाही. खरा खलनायक कोण हे चाणाक्ष प्रेक्षक मध्यंतरालाच ओळखतो, त्यामुळे रहस्य म्हणून चित्रपट दुबळा आहे, आणि नायिकेशी नायकाचे सुरुवातीचे वर्तन तर सरळ आक्षेपार्ह आहे. पण ज्या नायकाने आयुष्यभर दैवताकडे पाठ फिरवली, त्याच्या अंगात ते दैवत येणार हे प्रेक्षकाला आतून कळलेले असते आणि चित्रपट ते अखेरच्या क्षणापर्यंत लांबवतो. हिचकॉकच्या व्याख्येतला सस्पेन्स येथे भक्तीच्या रूपात येतो. 2 ऑक्टोबर 2025 रोजी आलेल्या 'कांतारा: चॅप्टर 1' मध्ये दैवत वारंवार प्रकटते, म्हणून ही ओढ पातळ झाली आहे, दृश्ये अधिक भव्य आहेत, अंगावर काटा कमी वेळा येतो.

शहराकडे वळल्यावर पहिले नाव पवन कुमार यांचे घ्यावे लागते. निर्माता मिळेना तेव्हा त्यांनी 'लुसिया'साठी प्रेक्षकांकडूनच वर्गणी मागितली आणि 27 दिवसांत शंभरावर लोकांनी सुमारे 50 लाख रुपये जमवून दिले. 2013 च्या या चित्रपटाचा नायक पडक्या चित्रपटगृहात बॅटरीच्या उजेडात लोकांना खुर्च्या दाखवणारा, निद्रानाशाने पिडलेला मुलगा आहे. एका गोळीने त्याला झोप लागते आणि स्वप्नात तो चित्रपटतारा होतो. दोन आयुष्यांपैकी एक रंगीत आणि एक कृष्णधवल दाखवून दिग्दर्शकाने कोडे अक्षरशः डोळ्यांसमोर उघडे ठेवले आहे, आणि ते उघडे असूनच सुटत नाही. पवन कुमार यांचा 'यू टर्न' (2016) त्याहून साधा आणि त्याहून धारदार आहे. बंगळुरूच्या डबल रोड उड्डाणपुलावर दुभाजक म्हणून ठेवलेले दगडी ठोकळे दुचाकीस्वार सरकवतात, फटीतून गाडी वळवतात आणि ठोकळे रस्त्यात तसेच टाकून निघून जातात. असे वळलेली माणसे एकामागून एक मरत असल्याचे एका नवशिक्या महिला पत्रकाराच्या लक्षात येते. चित्रपटात भूत आहे, पण भीती भुताची वाटत नाही. प्रेक्षागृहातल्या प्रत्येकाने कधी ना कधी असा एखादा दगड सरकवलेला असतो, आणि आपला क्रमांक कोणी टिपून ठेवला असेल का, या शंकेने तो घरी जातो. या चित्रपटाचे तमिळ, तेलुगू आणि हिंदीत अवतार झाले. वाहतुकीचे नियम धाब्यावर बसवणे ही एकाच शहराची मक्तेदारी नसल्यामुळे ते सर्वत्र कळलेही.

हेमंत राव यांच्या 'कवलुदारी'त (2019) वाहतूक शाखेतला एक तरुण अधिकारी, ज्याला गुन्हे अन्वेषणात जायचे आहे आणि कोणी जाऊ देत नाही, मेट्रोच्या खोदकामात सापडलेल्या मानवी अवशेषांचा माग काढत आणीबाणीच्या काळापर्यंत पोहोचतो. शहर वाढते तसे ते स्वतःचीच जुनी पापे उकरते ही कल्पना कुठल्याही संवादाविना पोहोचते. (प्रत्यक्षातल्या मेट्रोनेही काही पोटात घातले आहे: महात्मा गांधी रस्त्यावरचे स्थानक जेथे उभे आहे, तेथे पूर्वी 'प्लाझा' चित्रपटगृह होते.) निवृत्त, कडवट पोलीस अधिकाऱ्याची भूमिका अनंत नाग यांची आहे. 'केजीएफ'च्या पहिल्या भागातील निवेदक इंगळगीही तेच, त्यामुळे दोन्ही जातींचा फरक एकाच नटाच्या आवाजात ऐकता येतो. खाणीची कथा सांगताना तो आवाज फुलत जातो, तर 'कवलुदारी'त तो प्रत्येक वाक्यातले अर्धे गिळतो आणि उरलेले अर्धे शोधण्याचे काम प्रेक्षकावर सोडतो. मुंबईच्या मराठी-कोंकणी रंगभूमीवर घडलेल्या या नटाने अमोल पालेकरांच्या 'अनाहत' या मराठी चित्रपटातही प्रमुख भूमिका केली आहे. अनंत नाग यांचे धाकटे बंधू शंकर नाग हे '22 जून 1897' या मराठी चित्रपटाच्या पटकथेशी संबंधित होते, आणि सुनीलकुमार देसाई यांच्या 'तर्क' (1989) या एकही गाणे नसलेल्या कन्नड रहस्यपटाचे ते नायक होते. गाण्यांशिवाय कन्नड चित्रपट विकणे हे त्या काळी धाडसच होते.

दोन्ही जाती एकत्र नांदू शकतात याचा पुरावा 'दृश्यम'ने दिला. 2013 च्या मल्याळम मूळ चित्रपटाचा कन्नड अवतार 'दृश्य' 2014 मध्ये आला, आणि हिंदी अवतार 2015 मध्ये मराठी दिग्दर्शक निशिकांत कामत यांनी गोव्याच्या पार्श्वभूमीवर केला. खून कोणी केला हे प्रेक्षकाला आधीच दाखवले जाते, म्हणून सस्पेन्स. प्रेत कोठे आहे हे अखेरपर्यंत दडवले जाते, म्हणून रहस्य. आणि तिकीटबारीही खूश, कारण कुटुंबासाठी खोटे बोलणाऱ्या सामान्य माणसाचा जीव खरोखर टांगणीला लागलेला असतो. अजिंक्य नायकाच्या चित्रपटात नेमके हेच नसते.

बेताच्या खर्चाच्या चित्रपटाची वाट मात्र अलीकडे अरुंद झाली आहे. मॅजेस्टिक परिसरातले 'कपाली' चित्रपटगृह 2017 मध्ये बंद पडले, ब्रिगेड रस्त्यावरचे 'रेक्स' 2018 च्या अखेरीस, आणि मल्टिप्लेक्समधील दर असे चढले की सप्टेंबर 2025 मध्ये राज्य सरकारने तिकिटावर 200 रुपयांची मर्यादा घातली, जिला उच्च न्यायालयाने त्याच महिन्यात स्थगिती दिली. एवढे पैसे मोजायचे तर भव्य काहीतरी पाहावे आणि रहस्यपट घरी मोबाइलवर पाहावा, असा हिशेब कुटुंबे करतात. तो हिशेब 2025 च्या जुलैमध्ये 'सु फ्रॉम सो' या छोट्या चित्रपटाने चुकीचा ठरवला. किनारपट्टीवरील गावात एका तरुणाला बाईचे भूत लागल्याची अफवा उठते, आणि नामांकित नायक नसतानाही चित्रपटाचे खेळ दिवसागणिक वाढवावे लागले. भूत नाही हे प्रेक्षकाला पहिल्यापासून ठाऊक असते, गावाला नसते. टेबलाखालचा बॉम्ब येथे हसवण्यासाठी ठेवलेला आहे, आणि गाव जितके घाबरते तितके चित्रपटगृह हसते.