आवळ्याच्या फोडी आणि गोलाचं पृष्ठफळ

नववीच्या गणितात गोलाचं पृष्ठफळ येतं. सूत्र फळ्यावर उतरतं, दोन उदाहरणं सुटतात आणि विषय संपतो. आपल्याकडे हे सूत्र सहज हाती आलेलं नाही. 499 साली आर्यभटाने वर्तुळाचं क्षेत्रफळ अचूक सांगितलं, पण गोलाचं घनफळ त्याचं चुकलं. आठव्या शतकातल्या लल्लाने परीघ आणि वर्तुळाचं क्षेत्रफळ यांचा गुणाकार म्हणजे गोलाचं पृष्ठफळ, असं मानलं. त्यामुळे पृथ्वीचं पृष्ठफळ 285 कोटी चौरस योजनांवर गेलं! ग्रीकांकडे आर्किमिडीजने हा प्रश्न केव्हाच सोडवला होता.

1150 साली 'सिद्धांतशिरोमणी'च्या गोलाध्यायात भास्कराचार्यांनी लल्लाची चूक दाखवली, तीही कापडाच्या तुकड्याने. चेंडूच्या निम्म्या परिघाएवढा व्यास असलेलं गोल कापड घ्या. त्याने अर्धा चेंडू झाकला जातो आणि चुण्या पडून कापड उरतंही. त्या कापडाचं क्षेत्रफळ चेंडूच्या मध्यवर्तुळाच्या अडीच पटींहून किंचित कमी. म्हणजे अख्ख्या गोलाचं पृष्ठफळ मध्यवर्तुळाच्या पाचपट होऊच शकत नाही. इतका सरळ युक्तिवाद मला गणितात फार थोड्या ठिकाणी भेटला आहे.

मग नेमकं उत्तर. आवळ्यावर देठापासून खालपर्यंत रेषा असतात, तशा गोलाच्या 96 फोडी त्यांनी कल्पिल्या. अशा फोडीला त्यांचा शब्द आहे 'वप्रक'. 24 ज्यांच्या (म्हणजे साइनच्या) कोष्टकावरून एका फोडीचं क्षेत्रफळ काढलं, ते आकड्याने व्यासाइतकं आलं. फोडी 96 आणि परीघही 96 भागांचा, म्हणून पृष्ठफळ म्हणजे परीघ गुणिले व्यास, मध्यवर्तुळाच्या चौपट. पृथ्वीसाठी त्यांचा आकडा आहे 78,53,034 चौरस योजनं.

कोष्टकातल्या ज्या मोजून आलेलं हे उत्तर होतं. भाग कितीही बारीक केले तरी तेच येतं, हे केरळात सोळाव्या शतकात ज्येष्ठदेवाच्या 'युक्तिभाषे'त सिद्ध झालं.

चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला होता. या मठाची नोंद असलेला तिथला शिलालेख भाऊ दाजींनी उजेडात आणला. नववीला शिकवणाऱ्या शिक्षकांना विनंती आहे: सूत्र लिहिण्याआधी वर्गात एक आवळा, एक चेंडू आणि गोल कापलेलं फडकं घेऊन जा.